निधान

मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस.
रिक्षावाला जाताना दोनशे म्हणतो,
येताना तोंड फिरवतो.
म्हणून एका रात्री भाकरी थापता थापता म्हटलं,
मी शिकतो गाडी.
आमच्या वडगावात बायकाही 'शिकतो'च म्हणतात,
पुण्याची जाऊ हसते. हसू दे.

हे हसले नाहीत.
अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलेला माणूस,
चंदगड डेपो, आंबोलीच्या धुक्यात
नुसत्या आवाजावर वळण ओळखणारा.
साखरेनं डोळे नेले तेव्हापासून
भिंत धरून न्हाणीपर्यंत जातो
आणि परत येताना वाट विचारत नाही.

शिकवायला मल्लेशप्पा, माझ्या थोरल्याच्या वयाचा.
व्हॅक्सीन डेपोचं मैदान, सकाळी सहा,
जुनी एट हंड्रेड, काचेवर लाल एल.
त्याचं मराठी माझ्या कन्नडएवढंच,
बाजारापुरतं.
क्लच बिडरी, म्हणतो. म्हणजे सोडा.
निधान, निधान, म्हणतो.
म्हणजे हळू, हे मला चौथ्या दिवशी कळलं.
तोवर मी समजत होतो
पायाखाली काही पुरलेलं आहे,
कुणाची तरी ठेव,
पाय उचलताना ती सांडायची नाही.

पहिल्या दिवशी अकरा वेळा बंद पडली.
मल्लेशप्पा मोजत नव्हता.
मी मोजत होतो.

माझे पाय बापाच्या मागावर वाढलेले,
खड्ड्यात सोडलेले, पावडीवर.
दाब म्हटलं की दाबायचं, सोड म्हटलं की सोडायचं,
लुगडं पुढं सरकायचं.
दाबणं आणि सोडणं यांच्या मध्ये
उभं राहायला जागा असते
हे कुणी सांगितलं नव्हतं.
तिथं गाडी थरथरते,
नाक जरासं वर करते,
आणि सगळं अंग म्हणतं सोड, आता सोड.
सोडायचं नसतं.

रात्री ह्यांनी लाटणं मागितलं.
पोळपाटावर उभं धरलं,
माझा हात त्याच्यावर, त्यांचा माझ्यावर.
पहिला वर. मधे ये. दुसरा खाली.
तिसऱ्याला जबरदस्ती नाही, तो आपण जातो.
तीस वर्षांच्या संसारात
इतका वेळ हात धरलेला मला आठवत नाही,
पण ते गिअर शिकवत होते.

मग शुक्रवार. पहाटे साडेपाच, थंडी,
कपिलेश्वरच्या पुलावर, ऐन चढाला
पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, थांबलेला.
मागं बस.
आमची गाडी वीतभर मागं सरकली.
बसनं हॉर्न दिला.
एअर कमी आहे त्याची, हे म्हणाले, उगाच ओरडतोय.
मी बघितलं, त्यांचा उजवा पाय
रिकाम्या जागेत दाबलेला,
चप्पल सुटलेली, बोटं पांढरी.
मी ओरडलो, तुमचं तुम्ही गप बसा की!
ते गपच होते.

हँडब्रेक. पाय त्या जागेवर.
ट्रॅक्टर धूर सोडून हलला, दोन-चार ऊस खाली पडले.
डोळे मिटून त्यांनी मान तिरकी केली,
मागतेय ती, म्हणाले. दे.

दिला.
पुलाच्या पलीकडं उतार होता
तो कसा गेला मला माहीत नाही.
दुसरा मीच टाकला. तिसरा आपण गेला.

दवाखान्यात त्यांना आत नेलं, चार तास.
मी खाली येऊन गाडीत बसलो.
डावा पाय थांबायला तयार नव्हता,
एकटाच थरथरत होता क्लचवर,
त्याला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला.
रडावं की हसावं ठरवत होतो,
तेवढ्यात काचेवर टकटक.
तोच रिक्षावाला, तोंड फिरवणारा.
मावशी, म्हणाला,
लाईट चालू राहिल्यात तुमच्या.