अपुरा मोजा, राखाडी

इथल्या पावसाला फारसा आवाज नसतो.
रात्रभर पडला तरी सकाळी
नदीलाच विचारावं लागतं.
आउरा नेहमीसारखी मातकट, मुकाट,
फक्त अंगावर बारीक काटा.

सात चाळीसची बस.
अर्धं तुर्कू बेटांवरच्या लाकडी घरांत सुट्टीला गेलंय.
उरलो आम्ही: ड्रायव्हर, पेंगणाऱ्या दोन नर्स,
एक ओला कुत्रा आणि त्याचा कोरडा मालक.
हे कसं जमवलं, त्याचं त्यालाच ठाऊक.

डेपोच्या मागं, हरवलेल्या वस्तूंची खोली.
कुलपात किल्ली दोनदा फिरवावी लागते,
दुसऱ्यांदा जरा मायेनं.
आत रबराचा, लोकरीचा
आणि कुणाच्यातरी विसरलेल्या सफरचंदाचा वास.

खरं सांगू? अशा दिवशी मी थोडी दुष्ट होते.
मार्केत्ता, माझी साहेबीण, चार आठवडे बेटावर.
जाताना तीन उन्हाळी टोप्या दाखवून गेली,
सूर्याशी बोलणं झाल्यासारखी.
आता ओल्या सरपणाला फुंकर घालत
डोळे चोळत बसली असेल.
मी ड्रॉवरमधले कोरडे मोजे चढवते,
कॉफी ठेवते,
वेलदोड्याचा पाव मधोमध फोडते
आणि मोठा तुकडा आधी खाते.

पाऊस आला की लोकांना छत्र्या आठवतात.
एरवी महिनोन् महिने टांगलेल्या असतात बिचाऱ्या,
झोपलेल्या वटवाघळांसारख्या.

नऊ वाजता एक म्हातारे आले.
काळी होती, म्हणाले.
काळ्या चौतीस आहेत, मी म्हटलं.
लाकडी मुठीची.
अकरा.
मुठीवर दातांच्या खुणा आहेत. कुत्रीच्या.
थोडं थांबून: ती आता नाही.

तीच नेमकी मागच्या रांगेत निघाली.
त्यांनी खोलीतच उघडून पाहिली,
एक काडी मोडलेली, कापड एका बाजूनं लोंबणारं.
मिटली. वहीत सावकाश सही केली: ताइस्तो.
आणि छत्री काखेत घट्ट धरून
भिजत भिजत गेले.

दुपारी बाजार आखडलेला.
नऊ टपऱ्यांतल्या दोनच उघड्या,
त्यातली एक ओनाची. कॉलेजातली पोर,
ताडपत्रीत साठलेलं पाणी काठीनं ढोसत उभी.
मटाराच्या शेंगा इथं लिटरवर मिळतात,
टिनच्या मापट्यानं, शीग लावून.
वर आणखी एक मूठ टाकली तिनं.
पावसाची, म्हणाली.
कच्च्याच खायच्या, चालता चालता,
टरफलं खिशात.
माझ्या रेनकोटच्या खिशाला जूनपासून हिरवा वास आहे,
आणि मी तो धूत नाही.

दोन वाजता वेइक्को आजची गोणी टाकून गेला.
पोहण्याचा चष्मा.
उजव्या हाताचा हातमोजा, जुलैत!
आणि एक अर्धा विणलेला मोजा, सुयांसकट,
टाचेपाशी अडलेला.
नोंद केली: मोजा, राखाडी, अपुरा.
बसचा नंबर, वेळ.

मग बराच वेळ कुणीच आलं नाही.
पन्हळीतून थेंब, घड्याळ, पुन्हा थेंब.
टाच मला बरी जमते.
दोन फेरे विणले, जास्त नाही.
तिच्यापेक्षा माझा हात जरा सैल आहे.
घ्यायला येईल तिला कळेल,
किंवा वाटेल, त्या दिवशी बसमध्ये
आपल्याच हातून इतकं झालं होतं.

पावणेचारला ऊन पडलं, न सांगता.
खिडकीत डबकी पेटली.
म्हणजे आता, या क्षणी,
गावभर सहा-सात छत्र्या
सीटखाली घरंगळत असणार.
उद्याचं काम सुरू झालंय माझ्याशिवाय.

कुलूप एकदा, मग मायेनं.
खिशात चाचपते: टरफलं, टरफलं,
एक भरलेली शेंग.
स्टॉपवरून बस हलली, मी धावले नाही.
उजेड अजून सहा तास आहे.