तपकिरी

सँडस्कीत, बँकेच्या मागच्या खोलीत
डेल्फीन क्राउझचा दिवा सकाळी नऊला लागतो.
उघडा बल्ब. दुधी नाही चालत तिला.
दुधी दिवा खोटं बोलतो म्हणते,
माझ्या पहिल्या नवऱ्यासारखा, वाईट वाटू नये म्हणून.

नाणं कडेनं धरायचं. अंगठा चेहऱ्यावर टेकला
तर वर्षभरानं तो तिथं उगवतो, काळा, रेषांसकट.
हे मी शिकलो पहिल्याच आठवड्यात,
दुसऱ्याच्या नाण्यावर.

आधी झीज बघायची: कानावरची बट, गालाचा उंचवटा.
आकडा मनात पक्का करायचा
आणि रंग सगळ्यात शेवटी.
तसं होत नाही.
डोळा आधीच पळत जाऊन लालावर बसलेला असतो.

ऑस्ट्रँडर आले ते हातमोजे न काढता.
पाकिटातून १८५१ चा सेंट, नव्या किटलीसारखा लाल.
रात्रभर घासलाय, म्हणाले. नातीची फी आहे.
अक्षरांच्या खोबणीत पांढरी पूड अजून होती.
डेल्फीननं नाणं कलतं केलं.
खऱ्या लालावर उजेड चाकासारखा फिरतो;
इथं तो जागच्या जागी उभा,
शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा.

"सुंदर नाही?"
"आहे," ती म्हणाली, आणि लिहिलं: घासलेलं. आकडा नाही.

मग त्यांनी खिशातून दुसरं काढलं.
याची पाळी येईपर्यंत डबीतली पूड संपली होती.
तपकिरी, मुरलेलं,
केसांच्या कडेला मात्र निळसर,
तेलाच्या थेंबावर दिसतं तसं काही.
मी म्हणालो, त्रेसष्ट.
तिनं चौसष्ट लिहिलं.
"वरचा एक कशाचा?"
"तुझा श्वास थांबला होता, त्याचा."

ऑस्ट्रँडर त्या लालकडेच बघत होते.
हे परत तपकिरी व्हायला किती दिवस?
डेल्फीननं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"पहिल्यांदा दीडशे वर्षं लागली होती."

ते उठले, लाल तेवढं रुमालात गुंडाळलं,
मोज्यातल्या मुठीत घेतलं नि निघाले.
चौसष्ट टेबलावरच.
ते घेऊन मी धावलो बसथांब्यापर्यंत,
तळ्यावरून वारा येत होता,
आणि मी कडेनंच धरलं होतं.