वायपरशिवाय

एकतीस वर्षं हा डोंगर मी काचेतून पाहिला,
वायपरच्या दोन फेऱ्यांच्या मधे
जेवढा दिसतो तेवढा.
तळ्याकाठच्या रस्त्यावर मान वळवायची सोय नव्हती.
एका हाताला दगडी कुंपण, दुसऱ्या हाताला पाणी,
आणि समोरून सुट्टीवर आलेले कॅराव्हॅनवाले.

आज गुरुवार. कामाचा वार.
खिशात चीजचं सँडविच, पाठीवर थर्मास,
आणि डेपोने निरोपाला दिलेलं होकायंत्र,
खोक्यातून पहिल्यांदाच बाहेर आलेलं.
पाऊस म्हणावा तर पडत नाही,
धुकं म्हणावं तर कॉलरमधून पाठीवर उतरतंय.
आई याला ओला वारा म्हणायची
आणि कपडे तशीच वाळत घालायची.

फाटकाची कडी निळ्या सुतळीने बांधलेली.
सोडली, आत गेलो, पुन्हा बांधली.
मेंढ्यांनी मान वर करून
विनातिकीट माणसाकडे पाहावं तसं पाहिलं
आणि पुन्हा चरायला लागल्या.

दुसऱ्या गिअरचा चढ.
मग पहिल्याचा.
मग नुसतंच उभं राहण्याचा.
चष्म्यावर थेंब. पुसले, तर रुमालही ओला.
शेवटी काढून खिशात टाकला
तेव्हा तळं आणि आभाळ यांच्यातली रेघ
तीही गेली.
वाईट नाही वाटलं.

माथ्यावर दगडांचा ढीग. मीही एक ठेवला,
लहानसा, कडेला,
कुणाचं काही ढासळू नये असा.
तेवढ्यात खालचा ढग जरा सरकला
आणि रस्ता दिसला.
घाईघाईने चष्मा चढवला.
दहा चाळीसची. चार मिनिटं उशिरा.
मी असतो तर दोन.
एवढीशी, लाल, दिवे लावलेली,
नखाने पुढे सरकवावी अशी.
आत नवा पोरगा, रॉरी डेंट.
त्याला मी सगळं शिकवलं,
बर्फातला ब्रेक, पुलावरचा हॉर्न,
शाळेच्या पोरांची उधारी.

एक सोडून.
दगडी कोठाराशी थांबा नाही.
तिथे ईडिथ बरो उभी असायची
अंड्यांची टोपली घेऊन, दर गुरुवारी.
ती गेली, त्याला सहा हिवाळे झाले.
तरी मी थांबायचो.
दार उघडायचं, थंडी आत घ्यायची, दार लावायचं.
प्रवासी खिडकीबाहेर बघत बसायचे.
हे काय शिकवण्यासारखं आहे?

बस कोठाराशी आली.
मागचे लाल दिवे ओल्या रस्त्यावर लांबले.
थांबली.

मेंढी आडवी आली असेल.
नाहीतर आरसा पुसत असेल, आरशाचं त्याला फार.
इतक्या वरून दार दिसत नाही.
मी तोंडानेच आवाज केला, फुस्स,
उघडल्याचा, आणि थोड्या वेळाने
लावल्याचा.

मग ढग पुन्हा जागेवर आला.
मी थर्मासच्या झाकणात चहा ओतला.
वरून ओला वारा पडत राहिला झाकणात.
बराच वेळ पीत होतो,
चहा काही संपेना.