ग्वादुआचा मनोरा

पहाटे चारला, कृष्णपक्षात तोडलेला वेळू
खांद्याला हलका लागतो, एवेलिओ म्हणाला.
चंद्र उतरला की रस मुळाशी जातो,
किडीला गोड काही उरत नाही.

मी बोगोताहून आराखडा घेऊन आले होते:
तीस मीटर उंच,
सारखे खांब, सारखी अंतरं.
त्यानं कागदावर कॉफीचा कप ठेवला
आणि उभ्या बेटाकडं बोट केलं.

बुंध्याशी पेरं दाटीनं,
कुणी घाबरत घाबरत बांधल्यासारखी.
वर लांबत जाणारी कांडी,
आणि शेंड्याकडं पुन्हा आखूड,
वारा जिथं हात घालतो तिथं.
आडव्या पडलेल्या एकावर टेप धरून मी
दुपारभर मोजत बसले.
सत्तेचाळीस कांडी.
शेजारची दोन कुठंच सारखी नाहीत.

रात्री सगळं खोडून पुन्हा काढलं.
कपाचा डाग तेवढा राहू दिला.

ऑगस्टात मनोरा उभा राहिला,
जोड माशाच्या तोंडासारखे कोरलेले.
पहिल्याच वादळात करकरला,
शेंडा हातभर झुकला, परत आला, झुकला.
मी खाली, नखं तळव्यात रुतवून.
वरून त्याची नात योर्लादिस ओरडली,
"गुलुंगोची घरटीपण अशीच हलतायत!"

पूर्णत्वाच्या दाखल्याच्या अर्जात
एक रकाना आहे: कमाल किती हलेल?
एवेलिओ कोयता पुसत होता.
"पडणार नाही इतकं."

रकान्यात फक्त आकडा मागितलाय.