अंधार पडल्यावरच

वडलांचा नियम होता, अंधार पडल्याशिवाय नाही.
तोच मी घेतला. नियम म्हणून वाईट नाही,
फक्त केमियार्वीत राहणाऱ्या माणसानं
तो करायला नको होता.

इथं डिसेंबरात दुपारी दीडलाच
तळ्यावरचा बर्फ निळा पडतो, मग काळा.
पोरांना सोडून, शाळेची बस अंगणात लावून,
इंजिनाच्या हीटरची वायर जोडून मी आत येतो
तर तिन्हीसांज माझ्याआधीच
स्वयंपाकघरात येऊन बसलेली,
बूटसुद्धा न काढता.
एक कॅन. दुसरा पहिल्याला सोबत म्हणून.
तिसरा बातम्यांना, चौथा हवामानाला
(उणे सव्वीस, उद्याही उणे सव्वीस),
पाचव्याला काहीतरी कारण असायचं.
सहाव्याला नसायचं.

जूनमध्ये अंधारच पडत नाही.
मध्यरात्री सूर्य सॉनाच्या छपरावर जरा टेकतो
आणि पुन्हा उठतो, झोप उडालेल्या म्हाताऱ्यासारखा.
नियमानं मी महिनाभर कोरडा राहायला हवा होतो.
मी पडदे विकत आणले.
जाड, काळे. सिर्काला म्हटलं, झोपेसाठी.
ती काही बोलली नाही,
लांब होत होते म्हणून खालून दुमडून शिवून दिले.
रोज दुपारी चारला मी ते ओढून घ्यायचो.

रिकामे कॅन गावातल्या दुकानात देत नव्हतो.
तिथं काउंटरवर विल्याची आई असते.
पोत्यात भरून पन्नास किलोमीटर, पेल्कोसेनिएमीला.
मशीन एकेक कॅन आत घेतं, गोल फिरवून बघतं,
विचारत काही नाही. शेवटी चिठ्ठी देतं.
शहाण्णव. चौदा युरो चाळीस.
त्यात पेट्रोलसुद्धा सुटत नाही.
आधीची चिठ्ठी पाकिटातच होती, तारखेसकट.
मधले दिवस बोटांवर मोजले.
हातमोजे काढून पुन्हा मोजले.
सोळा.

बसमध्ये एक नळी आहे. सकाळी फुंकायचं,
हिरवा दिवा लागला तरच इंजिन सुरू होतं.
अकरा वर्षं हिरवाच.
तोच मी दाखला करून ठेवला होता,
की बघा, यंत्र म्हणतंय, माणूस ठीक आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी लाल लागला.
रात्री एकही जास्तीचा नव्हता. रोजचेच.
मालकाला फोन केला. बॅटरी म्हणणार होतो,
तोंडातून खरं निघालं.
दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत पोरं थांब्यावर,
उणे एकतीसमध्ये, पंचवीस मिनिटं.
दोन आठवड्यांनी मला बस परत मिळाली तेव्हा
विल्यानं चढता चढता विचारलं,
इस्मो, बस आजारी होती का?
होय म्हटलं.
ती मागच्या सीटवर जाऊन बसली.
आरशात मला तिची टोपी दिसत होती.

आता नियम घड्याळाचा. सातनंतर, दोन.
सोमवार ते गुरुवार तेही नाहीत.
दोन ते सात हा एवढा मोठा मुलूख असेल
असं वाटलं नव्हतं, त्यात रस्तेच नाहीत.
मी लाकडं फोडतो. दोन हिवाळे पुरतील एवढी झाली,
शेजारी विचारतो, विकणार का?
साडेपाचला हात आपोआप फ्रिजकडे जातो,
मी त्याला जाऊ देतो, आत लोणी बघतो, बंद करतो.
झोप पहिले पंधरा दिवस आलीच नाही. नंतर आली
तेव्हा एवढी, की सिर्कानं हलवून पाहिलं.

मागच्या शनिवारी चार झाले.
कॅलेंडरवर लिहिलंय.
तीनच लिहावं वाटलं होतं, पेन तसाच धरून
बराच वेळ उभा होतो. चारच लिहिलंय.

पडदे सिर्कानं मे महिन्यात काढले,
सॉनातल्या बाकाच्या गाद्यांना त्यांच्या खोळी केल्या.
आता रात्री अकरालाही टेबलावर ऊन असतं,
आणि त्यात सगळं दिसतं. धूळ, माझे हात.

काल रिकामे कॅन गावातच दिले.
एकवीस.
विल्याच्या आईनं चिठ्ठी घेतली,
तीन युरो पंधरा मोजून दिले,
म्हणाली, यंदा डास लवकर आलेत.