सहा वाजून दहा मिनिटं

कोरा कागद आधी तोलायचा,
मग सातपूरच्या शाळेच्या गच्चीवर, यंत्रात,
चोवीस तास. पुन्हा तोलायचा.
वाढेल तेवढी आपली हवा.

आग्न्येश्का क्राकोवहून तिचे कागद पाठवते, मी माझे.
तिचे काळे, तव्याच्या बुडासारखे.
कोळशाच्या शेगड्या, ती लिहिते.
माझे मातकट, कडेला तांबूस.
अंबडची ओतकामं असावीत, मी लिहिते.
असावीतच म्हणायचं,
वाऱ्याची जबानी कोण घेतं?

डिसेंबरात निफाडचा पारा पाचावर आला,
बागांमधून रात्रभर शेकोट्या.
तिनं विचारलं, एवढा धूर?
घरं तापवता का तुम्ही?
नाही गं, द्राक्षं.
त्यावर चार दिवस तिचं काही आलं नाही.
मार्चमध्ये तिच्या कोपऱ्यावरच्या दुकानात
तीच असतील, पाचशे ग्रॅमच्या डबीत,
टपोरी, धूर इथेच ठेवून गेलेली.

स्रोतांची यादी सगळ्या देशांना एकच.
जहाजं. वाळवंट. समुद्राचं मीठ.
मीठ वाचून हसू आलं,
आमचा समुद्र कसारा उतरल्यावर.

आणि माझ्या आलेखात रोज एक सुळका,
सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.
रविवारी नाही.
महिनाभर कंपन्यांच्या पाळ्या तपासल्या,
सिटी बसच्या वेळा,
एकलहऱ्याच्या चिमण्यांवर विनाकारण आळ घेतला.
शेवटी पहाटे स्वतःच गच्चीत जाऊन बसले.

खाली शेवंताबाई घेगडमल.
नाकावर पदर, हातात खराटा,
सिग्नलपासून शाळेच्या फाटकापर्यंत
खर्र, खर्र,
आणि बरोबरीनं चालणारा
तिच्या कमरेएवढा ढग.

साहेब म्हणाले, ठेकेदाराला सांगू,
यंत्राजवळ झाडू नको म्हणावं,
शहराचा आकडा बिघडतो.
आग्न्येश्का म्हणाली, रस्त्याची धूळ, रकाना सात.
मी सात लिहिला.

दुसऱ्या दिवशी तिनंच मला फाटकाशी गाठलं.
ताई, तुम्ही हवा मोजता ना?
माझी किती येते?
मी आकडा सांगितला.
तिनं मान वर करून
गच्चीकडे पाहिलं, तीन मजले.
तो वरचा झाला, म्हणाली.
खालचा सांगा.

पिशवीत तोलून ठेवलेला एक कोरा कागद होता.
मी चेन उघडली,
आणि उगाच छत्री शोधत राहिले.