हेही पाहा : कॉरिगल

संगणकाने सकाळी सात संग्रह एकत्र बांधून दिले,
गवताच्या पेंढीसारखे, एकाच आडनावाने आवळून.
कॉरिगल. कुठे एक ल, कुठे दोन,
त्या दिवशी कारकुनाची बोटं किती गारठली होती त्यावर.

पाच आमच्याकडे, कर्कवॉलच्या तळघरात.
दोन समुद्रापलीकडे, विनिपेगला,
जिथे मी कधी गेले नाही
पण तिथल्या खोक्यांचे नंबर मला पाठ आहेत,
लोकांना भाचरांचे वाढदिवस असतात तसे.

एक संग्रह म्हणजे कुणा शाळामास्तराची वही,
वाळवून चिकटवलेली समुद्रशेवाळं.
त्याचा यातल्या कुणाशीच संबंध नाही.
मी दोनदा तसं कळवलं. संगणक त्याला सोडत नाही.

आणि एकात मॅग्नस.
अठराशे एकोणीसला हडसनच्या उपसागराकडे गेलेला,
फर-कंपनीचा नोकर, वय सतरा.
आईला वर्षाला एकच पत्र, कारण जहाजच वर्षाला एक.
मोजे पाठव.
इथे शाई गोठते, काखेत धरून मग लिहितो.
बावीस पत्रं. बावीस वेळा मोजे.
बायकोचं अवाक्षर नाही.

विनिपेगच्या हिशेबवहीत मात्र उधारी बोलते :
घोंगडी एक, किटली एक, लाल मणी अर्धा पौंड,
टोपडं,
पुढच्या वर्षी पुन्हा टोपडं.
समासात बारीक अक्षरात : बायकोसाठी.
नाव नाही.

आडनाव म्हणजे नावाच्या आड उभं असतं ते,
की नावाला आड येतं ते?
तीस वर्षं मी या आडात पोहरा सोडते आहे
आणि आडातच नाही म्हणून
रिकामा पोहरा नीट पुसून, नंबर घालून ठेवते आहे.

मंगळवारी वेर्ना कॉरिगल आली. एक ल.
नॉर्वे हाऊसहून, तीन विमानं आणि एक बोट करून,
निवृत्त नर्स, गुडघ्याला पट्टा.
मी तिच्या चेहऱ्यात मॅग्नस शोधू लागले
आणि मग ओशाळले :
मॅग्नसचं चित्र आमच्याकडे नाहीच.

तिने सगळी पत्रं वाचली, भिंग न मागता.
"मिळाले का त्याला मोजे?"
पोच नाही, मी म्हटलं.
"बावीस वर्षं पाय शाबूत राहिले ना?
मग कुणीतरी चामडं शिवत होतं."
असं म्हणून तिने पर्समधून, गोळ्यांच्या डबीखालून,
एक कॅसेट काढली.

टेपरेकॉर्डर नाताळच्या सामानामागे सापडला.
मावशीचा आवाज, चुलीची घरघर, मध्येच कुत्रं.
सगळं क्री भाषेत.
मला कुत्रं कळलं, आणि एकदा कॉरिगल.
"आता," वेर्नाने बोट वर केलं. "हे. हे तिचं नाव."
तीन अक्षरं, मध्ये एक श्वास,
तो नावातला की मावशीचा ते कळेना.
मी पेन्सिल सरसावली : कसं लिहायचं?
"पुन्हा ऐक," ती म्हणाली.

वाऱ्यामुळे संध्याकाळची बोट रद्द झाली होती.
आम्ही चार वेळा ऐकलं.
चौथ्यांदा माझे ओठ आपसूक हलले,
ती हसली, चूक म्हणाली,
आणि डब्यातलं अर्धं सँडविच माझ्यापुढे सरकवलं,
जे तळघरात खायला सक्त मनाई आहे.

नावाचा रकाना भरल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नाही.
नसू दे. रकाना उघडाच ठेवून मी पडदा मालवला.
खोक्यावर, जिथे हात सवयीने
हेही पाहा असं लिहितो,
तिथे लिहिलं : हेही ऐका.

शाळामास्तराला या वेळी मी हाकललं नाही.
पेंढीत एखादी परकी काडी
असली तर असू दे.